जाऊया की

आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून एक फाउंड्री आहे. तिच्या अंगणात कायम वाळूचा ढीग असतो. पिवळसर, बारीक, एकसारख्या दाण्याची वाळू. दुपारी डबा खाऊन हात धुतले की मी कधीकधी त्या ढिगाच्या कडेला जाऊन उभा राहतो. चप्पल काढून पाय आत रोवावा असं फार वाटतं. एकदा रोवलाही. पलीकडून फोरमन ओरडला, "काय साहेब, गोव्याला आलासा काय?"

वाळू येते मात्र त्याच अंगाची. ट्रक सिंधुदुर्गातून, कासार्ड्याकडून घाट चढून येतो. पण ती खाणीतली सिलिका वाळू. किनाऱ्यावरची ओतकामाला चालत नाही. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, मीठ असतं. साच्यात चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड पडलं की तो चुरा वायू सोडतो आणि जॉबला ब्लोहोल पडतं. आमच्या उद्यमबागेला, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीला, समुद्र सोसत नाही, समुद्राच्या शेजारची जमीन तेवढी सोसते.

आमचं काम त्यापुढचं. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग लेथवर चढवायचं, टर्निंग, बोअरिंग करून मायक्रोमीटर लावायचा आणि पार्टीच्या फोनची वाट बघायची. पार्टीला माल कालच हवा असतो. सीएनसीवर दुधाळ कुलंट धो धो पडत असतं. डोळे मिटले की त्यात लाटेचा आवाज ऐकू येतो असं लिहायचा मोह होतोय. पण येत नाही. कुलंटचाच येतो. आणि वासही त्याचाच.

आम्हा बेळगावकरांना समुद्र फार जवळ पडतो, म्हणून जाणं होत नाही. चोर्ल्यातून पणजी, आंबोलीतून वेंगुर्ले. कुठूनही गेलं तरी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा मामला. तिरुपतीला जायचं तर माणूस दोन महिने आधी तिकीट काढतो, रजा टाकतो, शेजाऱ्याला कुलपाची किल्ली देतो. समुद्राला काय, कधीही जाऊया की. हे 'जाऊया की' आमच्या घरात अकरा वर्षं चाललंय. पोरं शनिवारी रात्री गाडी काढून गोव्याला जातात ती गोष्ट वेगळी. त्यांतल्या निम्म्यांनी समुद्र बघितलेला नसतो.

हिंडलग्याकडून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला आजही वेंगुर्ले रोड म्हणतात. उचगाव फाटा, शिनोळी, पुढे आंबोली. नाव उगाच पडलेलं नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ले. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली होती; पुढे इंग्रजांची इथली छावणी वसल्यावर तिचा माल त्याच बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. 1888 च्या सुमारास लोंढ्याहून मुरगावला रेल्वे जोडली गेली नि वेंगुर्ल्याचा धंदा बसत गेला. बंदर गेलं, रस्त्याचं नाव राहिलं.

आमच्या पाण्यानेही समुद्राकडे पाठ केली आहे. नळाला येणारं राकसकोपचं पाणी मार्कंडेय नदीचं. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला. उशाचा समुद्र सोडून पायथ्याच्या समुद्राला जाण्याचा हा द्राविडी प्राणायाम बघितला की आपल्या आळसाचं फार वाटून घेऊ नये असं वाटतं.

गेल्या फेब्रुवारीत मात्र गेलो. एका मोठ्या ऑर्डरचं इन्स्पेक्शन पुढे ढकललं गेलं आणि हातात अचानक दोन दिवस आले. बायको म्हणाली, आत्ताच निघा, नाहीतर फोन येईल. वेंगुर्ल्याला सागरेश्वराच्या किनाऱ्यावर सकाळी पोचलो तर रापण ओढणं चाललेलं. होडीने अर्धगोल फिरून जाळं टाकलेलं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं. टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून ओढायचं. शेवटचा माणूस दोराची गुंडाळी करतो नि पुढे पाण्याकडे जाऊन पुन्हा धरतो. कुणी घाई करत नाही, कुणी थांबतही नाही. मीही धरला दोर. दहा मिनिटांत तळहात सोलवटले. हे काम तासन्‌तास चालतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी जिला निवांत आयुष्य समजून बेळगावहून आलो होतो ती यांची पहिली शिफ्ट होती.

जाळं आलं. तारली बरीच, पेडवे थोडे, बांगडे मोजके, बाकी जेलीफिश. हात लावला म्हणून मलाही पिशवीभर तारली मिळाली. ओढणाऱ्याला वाटा देणं ही रापणीची जुनी रीत. पिशवी देणाऱ्या म्हाताऱ्याने कुठून आलात विचारलं. उद्यमबाग म्हटल्यावर तो वाळूत बसलाच. "आमच्या झिलाक थंय काम गावात काय?"

मी नंबर दिला. माणूस देतोच अशा वेळी. पण झील, म्हणजे त्याचा मुलगा, खरंच आला. मे महिन्यात बॅग घेऊन शेडच्या दारात उभा. आमच्याकडे जागा नव्हती, शेजारच्या फाउंड्रीत कोअर शॉपला लागला. आता तोच कासार्ड्याची वाळू रेझिनमध्ये कालवून कोअर बनवतो. हात चांगला बसलाय म्हणे.

परवा पगाराच्या दिवशी त्याला घेऊन कॅम्पातल्या मासळी बाजारात गेलो. म्हटलं, तू निवड, मला कळत नाही. बांगड्यांची रास होती, वर बर्फ, वरून पाणी शिंपडलेलं. मला तर सगळे चकचकीत दिसत होते. त्याने एक उचलला, अंगठ्याने गलफडं उघडून बघितलं, पोट दाबलं आणि होता तिथे ठेवून दिला.

"हो तीन दिसांचो," तो म्हणाला. "चला, अंडी घेवया."