पडद्यावरची शेती
अंधेरीच्या गार हापिसातले साहेब येतात, अंधार करतात आणि आमच्याकडे पाठ फिरवून पडद्यावरच्या स्लाइडा वाचून दाखवतात. अक्षरे ज्वारीच्या कणीएवढी! डुलकी लागली की शेतकरी अडाणी. अहो, एक किडके बोंड फोडून गुलाबी अळी दाखवा, कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग आले तर फवारा म्हणा. मागची रांगसुद्धा उठून बघेल.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत निघालेले शेतकरी मुंबईत शिरले, त्यांच्याकडे कुठे पडदा होता? सोललेले तळपाय पाहूनच शहरातली माणसे पाणी, चपला घेऊन धावली.

आता जिल्हा बैठकीत कुणी पडदा बांधू लागला, तर आधी विचारा : क्विंटलभर कापसाचा उत्पादनखर्च कितव्या स्लाइडवर आहे?