ॲपचा आरंभ

राळेगाव तालुक्यांत पऱ्हाटीच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यासही आज मोबाईलवांचून गत्यंतर नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत पिकाची नोंद त्यानें स्वतःच ई-पीक पाहणींत करावी असें ठरलें. २०२५ सालीं सीसीआयला हमीभावानें कापूस विकण्याकरितां 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. तेव्हां ॲप उघडण्यास लागणारा वेळ हा आतां केवळ शहरवासीयांच्या कुरकुरीचा विषय राहिला नाहीं.

ॲप लिहूं पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस म्हणूनच दोन शब्द सांगावेसे वाटतात. फ्लटरमध्यें एकाच डार्ट लिखाणांतून अँड्रॉइड व आयफोन ह्या दोहोंचें ॲप होतें. आरंभ 'मेन'पासून, तेथून 'रनॲप'ला हांक गेली म्हणजे आपला पहिला पडदा उमटतो. ह्या दोहोंच्या मध्यें काय घालावें, हाच वादाचा मुद्दा होय. नवशिके तेथेंच सारें बिऱ्हाड मांडतात: सर्व्हरवरून माहिती आणणें, खातें तपासणें, सूचनांची सोय जोडणें, आणि प्रत्येक कामापुढें एक 'अवेट'. शाळेंत वायफाय असतें, म्हणून सर्व सुरळीत चालतें. धुऱ्यावर सिग्नल नसतो. तेथें 'अवेट' वाट पाहत बसतो आणि शेतकऱ्यासमोर कोरा पांढरा पडदा राहतो. ॲप बिघडलें कीं फोन, हेंहि त्या बिचाऱ्यास उमगत नाहीं.

कोणी म्हणतील, जुळवाजुळव आधींच झालेली बरी, मागाहून घोळ नको. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. निवडलेली भाषा, अर्धवट राहिलेली नोंद, ह्या गोष्टी फोनमध्येंच असतात. त्या अगोदर वाचाव्या. (त्यासाठीं 'एन्शुअर-इनिशियलाइज्ड'ची ओळ प्रथम हवी. ती विसरून रडकुंडीस आलेले विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत.) परंतु ज्यास नेट लागतें तें सर्व पहिला पडदा दिसल्यानंतर करावें, त्यास कांहीं सेकंदांची मुदत घालावी, आणि तें न साधल्यास तसें स्पष्ट मराठींत सांगावें. स्थान व कॅमेरा ह्यांची परवानगीहि दारांतच मागूं नये. पिकाचा फोटो काढण्याची वेळ येईल तेव्हां मागावी.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें केलेलें ॲप घरीं बसून पाहूं नये. शेतांत न्यावें, विमान-मोड लावावा, तें पूर्ण बंद करून पुन्हा उघडावें, आणि पहिला पडदा किती सेकंदांत येतो तें घड्याळावर मोजावें.