आजीच्या दोन फायली

डॉक्टर व्हायचं नाही, पण हॉस्पिटलमध्ये काम करायला आवडेल? मग आरोग्य-माहिती तंत्रज्ञान हा विषय बघा. अमेरिकेत २००९ साली हायटेक कायदा आला आणि बहुतेक हॉस्पिटलांच्या कागदी फायली हळूहळू संगणकावर गेल्या. हे काम शिकायला कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स असतो. तो मान्यताप्राप्त असेल, तर पुढे आरएचआयटी ही परीक्षा देता येते.

मी स्वतः आयटीवाला, तरी सांगतो: नुसतं प्रोग्रामिंग शिकून भागणार नाही. आधी माणसांची माहिती कशी लिहितात ते शिका. समजा, तुमच्या आजीची जन्मतारीख आहे ५/६/१९५०. भारतात ती ५ जून, अमेरिकेत ६ मे! त्यात एका ठिकाणी आडनाव माहेरचं, दुसरीकडे सासरचं. संगणकाला वाटतं, या दोन वेगळ्या बायका. झालं! पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद एका फाईलमध्ये, आणि डॉक्टरांसमोर उघडी दुसरीच.

तुम्हाला हा घोळ चटकन कळेल, कारण दोन्ही पद्धती तुमच्या घरातच आहेत. म्हणून कोर्स निवडताना फी तर विचाराच, पण हेही विचारा: प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये किती तास काम करायला मिळेल? एकही नाही म्हणाले, तर दुसरा कोर्स शोधा.