विश्लेषण : जुन्या गाडीतील इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवावा का?

गाडी सकाळी सुरू होते, पण सायलेन्सरमधून काळा धूर येतो. सिग्नलला थांबली की बंद पडते, आणि गरम असताना पुन्हा सेल्फ मारला तर दाद देत नाही. गॅरेजमध्ये नेल्यावर ठरलेला सल्ला मिळतो : ‘ही इलेक्ट्रॉनिक भानगड काढून टाका, कार्ब्युरेटर बसवा.’ १९७० च्या दशकातील जर्मन गाड्यांच्या मालकांनी अमेरिकेत आणि युरोपात हा सल्ला वर्षानुवर्षे ऐकला आणि अनेकांनी पाळलाही. पोर्शे ९१४ हे त्याचे सर्वात वादग्रस्त उदाहरण. आता या गाड्या पन्नाशी ओलांडत असताना, तो सल्ला तेव्हा बरोबर होता का आणि आज बरोबर आहे का, हे तपासून पाहायला हवे.

इंजेक्शनवरचा अविश्वास आला कुठून?

त्याला इतिहास आहे. १९५८ साली अमेरिकेत क्रायस्लरने बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली काही गाड्यांवर दिली. जेमतेम ३५ च्या आसपास गाड्यांना ती बसली. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाजवळची उष्णता आणि दमटपणा सोसू शकले नाहीत. अखेर त्यांतील बहुतेक गाड्या परत घेऊन कंपनीनेच त्यांवर कार्ब्युरेटर चढवले. म्हणजे इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवण्याची पहिली मोठी मोहीम कुणा मिस्त्रीने नव्हे, खुद्द गाडी बनवणाऱ्यानेच राबवली!

बेंडिक्सच्या पेटंटचा परवाना जर्मनीच्या बॉशने घेतला. मधल्या काळात ट्रान्झिस्टर सुधारले होते. १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ ही प्रणाली फोक्सवागन १६०० या गाडीवर आली, तीही मुख्यतः अमेरिकी बाजारासाठी, कारण तिथे धुराचे नियम कडक होत होते. पुढे ती व्होल्वो, साब, सित्रोएन, मर्सिडीज अशा अनेक गाड्यांत दिसली. मात्र गाड्या विकल्या गेल्या त्या वेगाने मेकॅनिक तयार झाले नाहीत. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि कानात इंजिनाचा आवाज, एवढ्यावर काम करणाऱ्या माणसासमोर एक बंद डबा आणि त्यातून निघालेला तारांचा गुंता आला. कळत नाही ते काढून टाकावे, हा मार्ग त्याला सोपा वाटला असेल तर नवल नाही.

९१४ मध्ये हे काम कसे चालते?

‘डी’ म्हणजे जर्मन भाषेतील ‘ड्रुक’, अर्थात दाब. इंजिनात हवा जाते त्या मार्गातील दाब एक सेन्सर मोजतो. इंजिनाचा वेग आणि तापमान यांची माहिती वेगळी येते. त्यावरून डब्यातील सर्किट ठरवते की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. यात संगणक नाही, चिप नाही; सुटे ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर आहेत. दाबाचा सेन्सर निर्वात डब्यांवर चालत असल्याने उंचीवरची विरळ हवाही त्याला बऱ्याच अंशी कळते. लॉस एंजेलिसला जुळवलेली गाडी सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरला नेली तर कार्ब्युरेटरचे मिश्रण घट्ट होते, जेट बदलावे लागतात. डी-जेट्रॉनिक बरेचसे स्वतःच सांभाळून घेते. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी ही साधी गोष्ट नाही.

दोष इंजेक्शनचा की तारेचा?

खरा मुद्दा इथे आहे. बिघडलेल्या डी-जेट्रॉनिकची तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत मुख्य डबा बिघडलेला असण्याची शक्यता कमी असते. बिघडलेले असते ते त्याच्या भोवतीचे.

तापमानाच्या सेन्सरचे उदाहरण घ्या. इंजिन थंड असताना त्याचा विद्युतरोध जास्त असतो, गरम झाल्यावर कमी होतो. त्याची तार तुटली किंवा जोडाला गंज चढला की डब्याला वाटते, इंजिन अजून गारठलेले आहे. मग तो पेट्रोल ओततच राहतो. काळा धूर, ओले प्लग, कोसळलेले मायलेज, सगळे त्यातून येते. एक जोड साफ केला तर गाडी ठीक होते. पण तो जोड कुणी पाहिलाच नाही, तर सगळी प्रणाली भंगारात जाते.

तसेच हवेच्या गळतीचे. रबरी नळी चिरली की नळीतून जादा हवा आत जाते, दाब वाढतो, डबा त्यानुसार पेट्रोल वाढवतो आणि इंजिन उभ्या गाडीत घुमू लागते. दाबाच्या सेन्सरमधील पातळ पडदा फाटला तरी मिश्रण घट्ट होते. थ्रॉटलच्या स्विचवरचा घासलेला पट्टा एकसारख्या वेगात गाडीला हिसके देतो. डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी असलेले, इंजेक्टरला वेळ सांगणारे पॉइंट मळले की गाडी मिसिंग मारते. ९१४ मध्ये आणखी एक घरचा शत्रू आहे : बॅटरी इंजिनाच्याच खणात, पावसाचे पाणी येणाऱ्या जाळीखाली. तिचे आम्ल झिरपून खालचा पत्रा खाते, आणि सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोलचा पंपही त्याच बाजूला खाली होता.

या सगळ्या गोष्टी तपासायला पेट्रोलच्या दाबाचा गेज, साधा मल्टिमीटर आणि एक दिवसाचा धीर पुरतो. त्याआधी व्हॉल्व्हचे अंतर आणि इग्निशनचे टायमिंग जागेवर आहे ना, हेही पाहावे लागते. हे न करता काढलेले इंजेक्शन म्हणजे ताप मोजण्याआधी केलेली शस्त्रक्रिया. आणि गंमत अशी, की टायमिंग चुकलेले असेल किंवा व्हॉल्व्ह जळालेला असेल, तर कार्ब्युरेटर बसवल्यावरही गाडी तशीच चालते.

कार्ब्युरेटर बसवणे म्हणजे फक्त तो भाग बदलणे का?

मुळीच नाही, आणि अर्धवट काम इथे जिवावर बेतू शकते. डी-जेट्रॉनिकमध्ये पेट्रोलचा दाब सुमारे २ बार असतो, म्हणजे साधारण गाडीच्या टायरमध्ये भरतो तेवढा. कार्ब्युरेटरला लागतो त्याच्या जेमतेम आठवा-दहावा हिस्सा. जुना पंप तसाच ठेवला तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल वरून वाहते आणि गरम इंजिनावर पडते. पंप बदलणे, परतीची नळी नीट बंद करणे, जुन्या रबरी नळ्या फेकून नव्या घालणे यांना पर्याय नाही.

त्यानंतर प्रश्न येतो किती कार्ब्युरेटर, हा. ९१४ चे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन आडवे पसरलेले आहे. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. स्वस्तात काम उरकण्यासाठी मध्ये एकच कार्ब्युरेटर बसवला तर पेट्रोलला लांब, थंड नळ्यांतून जावे लागते. वाटेत त्याचे थेंब होतात आणि थंडीत गाडी अडखळत राहते. म्हणून जाणकार वेबर ४० आयडीएफसारखे दोन कार्ब्युरेटर दोन बाजूंना बसवतात. ते एकमेकांशी जुळवणे, लिंकेजमधली ढिलाई काढणे आणि इंजिनाला साजेसे जेट शोधणे हे काम सुट्टीतल्या एका दुपारी होत नाही.

मग कार्ब्युरेटर योग्य कधी?

विरोधाला विरोध म्हणून इंजेक्शनची बाजू घेण्यात अर्थ नाही. पोर्शेच्याच घरात याचे उत्तर आहे. अमेरिकेतील १.८ लिटरच्या ९१४ ला बॉशचे पुढच्या पिढीचे ‘एल-जेट्रॉनिक’ इंजेक्शन आणि ७६ अश्वशक्ती होती, युरोपातील १.८ ला दोन सोलेक्स कार्ब्युरेटर आणि ८५ अश्वशक्ती. तेव्हा ९१४ वर कार्ब्युरेटर म्हणजे पाप, असे म्हणणाऱ्याने कारखान्याचाच इतिहास वाचलेला नाही.

मालकाने इंजिन मोठे केले असेल, जोरकस कॅमशाफ्ट घातला असेल, तर डी-जेट्रॉनिक खरोखर अपुरे पडते. तशा कॅममुळे आतला दाब डळमळतो आणि दाबावरच चालणारी प्रणाली गोंधळते. दाबाचा सेन्सर किंवा इंजेक्टर मिळतच नसतील तरी कार्ब्युरेटर हा प्रामाणिक मार्ग आहे. मूळ इंजिन, मूळ कॅम आणि सुटे भाग मिळण्याची सोय असताना मात्र तो आळस ठरतो.

‘कार्ब्युरेटर कुणीही दुरुस्त करतो’ हे आज खरे आहे?

या सल्ल्याचा सगळा भार याच वाक्यावर आहे आणि तेच आता जुने झाले आहे. १९८० मध्ये ते खरे होते. आज चाळिशीच्या आतल्या मेकॅनिकने शिकताना कार्ब्युरेटर क्वचितच उघडला असेल. हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि कानाने आयडलिंग लावणाऱ्या हातांचे रोजचे कामही तिच्याबरोबर गेले. उलट मल्टिमीटर वापरणारा तरुण कुठल्याही गावात सापडतो.

भारतात असलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या अशा गाड्यांना कायद्याची बाजूही आहे. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. इंजिनाला पेट्रोल देण्याची पद्धतच बदलून हा वाद मालकाने ओढवून घेऊ नये. त्यात २०२५ पासून पंपावर सर्वत्र ई२० पेट्रोल आहे. इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते आणि जुने रबर लवकर खराब होते. याची जुळवणी कार्ब्युरेटरलाही करावी लागते आणि ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या डी-जेट्रॉनिकलाही.

ज्यांनी बदल करायचे ठरवलेच आहे, त्यांनी काढलेला एकही भाग टाकू नये. डबा, वायरिंगचा गुंता, इंजेक्टर, दाबाचा सेन्सर, डिस्ट्रिब्युटर, सगळ्याला चिठ्ठ्या लावून कोरड्या पेटीत ठेवावे आणि पत्रा कापून कुठलाही बदल करू नये. १९५७ ते १९६५ दरम्यानच्या इंजेक्शनवाल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या अनेक मालकांनी दुरुस्तीला कंटाळून कार्ब्युरेटर बसवले आणि काढलेले युनिट सोडून दिले. आज मूळ इंजेक्शन शाबूत असलेल्या त्याच कॉर्व्हेटला कार्ब्युरेटरवालीपेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळते, आणि ती सुटी युनिटे शोधत लोक फिरतात.