मोबाइल कामावर रुजू करा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या मोठ्या कारखान्यांच्या गेटबाहेर सकाळी छोट्या टेम्पोंची रांग लागते. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर परिसरातल्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळीत तयार झालेले सुटे भाग त्यांत भरलेले असतात. ड्रायव्हर इनव्हॉइस आणि चलनाच्या प्रती घेऊन आत जातो. माल उतरतो, इनवर्डला नोंद होते, चलनावर शिक्का पडतो आणि ती शिक्क्याची प्रत टेम्पोच्या डॅशबोर्डवर टाकली जाते. वर्कशॉपच्या मालकाकडे ती त्याच दिवशी पोहोचेल, याची खात्री नसते. कधी दोन दिवस लागतात, कधी ती पावसात भिजते, कधी हरवते. महिनाअखेरीला बिल अडकले की तिची शोधाशोध सुरू होते. त्या ड्रायव्हरच्या खिशात मात्र सकाळपासून स्मार्टफोन असतो. शिक्का पडल्या पडल्या त्याने चलनाचा एक फोटो पाठवला असता, तर दुपारी बिल तयार झाले असते.

या फोटोचे मोल समजून घ्यायला हवे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत, असे तो सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, अशी तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून झाली. हे १५ किंवा ४५ दिवस मोजायचे ते माल पोहोचल्यापासून. म्हणजे कायदा छोट्या उद्योजकाच्या बाजूने उभा आहे, पण माल कोणत्या तारखेला पोहोचला हे दाखवण्याची जबाबदारी त्याची आहे. मूळ प्रत जपावी लागतेच. पण त्या दिवशीच घेतलेला आणि जागच्या जागी साठवलेला फोटो हाताशी असला, की तगाद्याला आधार मिळतो.

छत्रपती संभाजीनगरची औद्योगिक ओळख लघुउद्योगांनी घडवली आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या अवतीभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो वर्कशॉपचे जाळे विणले गेले. आज त्या वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्रे आहेत, हिशेबासाठी संगणक आहे, प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. तरीही धंदा कुठे आहे, असे विचारले तर उत्तर एकच येते : मालकाच्या डोक्यात. कोणती ऑर्डर कुठवर आली, किती माल रिजेक्ट झाला, कोणाकडे किती बाकी आहे, हे सारे त्यालाच ठाऊक. तो आजारी पडला किंवा लग्नकार्याला गावी गेला, की काम थबकते. मोबाइलवर दिवसभर बोलणे होते, पैसे येतात-जातात. काम मात्र अजून वहीत, चिठ्ठीवर आणि तोंडी निरोपात अडकले आहे.

शहरातही चित्र वेगळे नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातला मेकॅनिक फुलंब्री किंवा खुलताबादकडच्या विहिरीवर जातो, मोटार उघडतो, बिघाड पाहतो आणि लागणारे बेअरिंग आणायला पुन्हा शहरात येतो. एका दुरुस्तीत दोन फेऱ्या होतात, आणि तोवर शेतकऱ्याचे पाणी बंद असते. शेतकऱ्याने फोन केला तेव्हाच मोटारीच्या नेमप्लेटचा फोटो मागवून घेतला, आधीच्या दुरुस्तीची नोंद मोबाइलवर उघडून पाहिली, तर बरेचसे साहित्य पहिल्याच फेरीत सोबत नेता येते. यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. लागते ती सवय, आणि ती सवय लावून देणारा माणूस.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म इथेच आहे. छोट्या व्यावसायिकाला तंत्रज्ञान नको असते, हा समज यूपीआयने खोटा ठरवला. २०१६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज गुलमंडीतल्या कापड दुकानापासून शहागंजच्या भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचली आहे. ती केवळ जाहिरातीने पोहोचली नाही. कोणीतरी तरुण दुकानात आला, क्यूआर कोड चिकटवला, एक रुपया पाठवून दाखवला, पैसे आल्याचा आवाज ऐकवला आणि पुढच्या दुकानात गेला. दुकानदाराला गल्ला सोडून कुठे जावे लागले नाही, फॉर्म भरत बसावे लागले नाही. मदत त्याच्या पायरीपर्यंत चालत आली.

कामाच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. कार्यशाळा सभागृहात होते, सादरीकरण इंग्रजीत असते, वेळ दुपारची असते. ज्याच्या वर्कशॉपमध्ये सहा कामगार आहेत, तो मालक दुपारी मशीन सोडून येणार कसा? आलाच, तरी घरी परतल्यावर पहिली अडचण कोणाला विचारणार? अॅप घेतले जाते, आठवडाभर वापरले जाते आणि पहिली चूक झाली की वही पुन्हा उघडते.

म्हणून या शहराने ही मदत दारापर्यंत नेण्याची व्यवस्था उभारावी. तिचे सुटे भाग इथे तयार आहेत, जोडणी तेवढी बाकी आहे. एकट्या वर्कशॉपला न परवडणाऱ्या सुविधा अनेकांनी मिळून वापरायच्या, हा धडा वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरने दिलाच आहे. ‘मसिआ’ आणि ‘सीएमआयए’ या उद्योजकांच्या संघटनांचे सदस्य गल्लोगल्ली आहेत. शहरात विद्यापीठ आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळतात. अशा दोन विद्यार्थ्यांनी एका वर्कशॉपला सलग सहा आठवडे आठवड्यातून दोन संध्याकाळी जावे. पहिल्या आठवड्यात फक्त चलनाचे फोटो, दुसऱ्यात येणे-बाकीची यादी, तिसऱ्यात ऑर्डरची स्थिती. एक काम हाताला बसले की मगच दुसरे. विद्यार्थ्याला श्रेयांकासोबत मानधनही मिळावे. लघुउद्योगांची क्षमता वाढवण्यासाठी केंद्राने ६,०६२ कोटी रुपयांचा ‘रॅम्प’ कार्यक्रम २०२२ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू केला. राज्यांनी आपल्या गरजांचे आराखडे करून त्यातून निधी मिळवायचा, अशी त्याची रचना आहे. जिल्हा उद्योग केंद्राने अशा मदतीचा प्रस्ताव तयार करून राज्याच्या आराखड्यात तिला स्थान मिळवून द्यावे.

मोठ्या कंपन्यांचाही यात वाटा हवा. आपल्या व्हेंडरकडून अचूक माहितीची अपेक्षा धरणाऱ्या कंपनीने इनवर्ड नोंदीची पोच त्याच क्षणी त्याच्या मोबाइलवर पाठवायला काय हरकत आहे? पारदर्शकता दोन्ही बाजूंनी असली, तरच तिच्यावर विश्वास बसतो.

काही पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळायला हवीत. ग्राहकांचे सर्व व्यवहार एकाच कामगाराच्या खासगी क्रमांकावर असतील, तर त्याने नोकरी सोडताच धंद्याची निम्मी स्मृती त्याच्याबरोबर जाते. व्यवसायाचा क्रमांक व्यवसायाच्या मालकीचा असावा आणि माहितीची दुसरी प्रत सुरक्षित जागी असावी. अनोळखी व्यक्तीने पाठवलेली अॅपची फाइल उघडू नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. कामगाराच्या सन्मानाचा मुद्दाही तेवढाच मोठा आहे. तो बाहेर कामावर असताना तो कुठे आहे हे पाहणे समजू शकते. पाळी संपल्यावर त्याच्या मागावर राहणे अन्यायाचे आहे. त्याचा स्वतःचा फोन कामासाठी वापरायचा, तर रिचार्जचा खर्च मालकाने द्यावा. आणि सारे काही मराठीत, गरज तिथे हिंदीत दिसावे. जी भाषा कामगाराला वाचता येत नाही, त्या भाषेतली नोंद बिनचूक होणार नाही.

हे आजच करायचे कारण दाराशी उभे आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने इथल्या सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. ‘एथर’नेही विद्युत दुचाकींच्या कारखान्यासाठी इथल्याच ऑरिक या औद्योगिक नगरीची निवड केली आहे. या कंपन्यांना प्रत्येक सुट्या भागाचा माग हवा असतो : कधी बनला, कोणत्या बॅचचा, कधी निघाला. ही माहिती देऊ न शकणाऱ्या स्थानिक वर्कशॉपची कामे पुणे, चेन्नईकडे जातील आणि आपल्या वाट्याला जमीन दिल्याचे समाधान तेवढे उरेल. १९८५ नंतर इथल्या तरुणांनी लेथ शिकून घेतली, म्हणून वाळूज उभे राहिले. आता शिकायचे आहे ते त्याहून सोपे आहे.

संघटनांनी येत्या महिन्यात प्रत्येकी किमान शंभर वर्कशॉपची यादी करावी, महाविद्यालयांनी विद्यार्थी द्यावेत, प्रशासनाने निधीची वाट मोकळी करावी. आणि मालकांनी या कुणाचीही वाट न पाहता आजपासून एक काम सुरू करावे : माल पोहोचला, शिक्का पडला, की ड्रायव्हरने गेट सोडण्यापूर्वी चलनाचा फोटो पाठवायचा.