समुद्रातील तेल आणि समुद्रावरील वारा

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, भर समुद्रात, १९७४ साली आपल्या देशास खनिज तेल सापडले, हे वाचकांस ठाऊक असेलच. 'सागर सम्राट' ह्या वेधनयंत्राने तेथे विहीर खोदली आणि १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल देशास मिळू लागले. त्यामुळे पुष्कळ परकीय चलन वाचले. परंतु तेलाच्या विहिरीस तळ असतो. शिवाय तिचे मोल केवळ पैशांत होत नाही. २७ जुलै २००५ रोजी तेथील एका फलाटास आग लागून २२ माणसे प्राणांस मुकली. जाळलेल्या तेलातून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायू पृथ्वीचे तापमान वाढवितो, ते तर वेगळेच.

तेव्हा समुद्राकडून ऊर्जा घ्यावयाची, तर ती दुसऱ्या कोणत्या मार्गाने घेता येईल? ह्या बाबतीत डेन्मार्कचे उदाहरण बोधप्रद आहे. १९७३ च्या तेलसंकटात ह्या लहानशा देशाची मोठीच कोंडी झाली. त्याची बहुतेक सारी ऊर्जा आयात तेलातून येत असे. काही आठवडे रविवारी मोटारी चालविण्यास बंदी करावी लागली. पुढे उत्तर समुद्रातील स्वतःच्या तेलाने त्याची गरज भागली. तरीही त्याने वाऱ्याकडे पाठ फिरविली नाही. १९९१ साली लोलँड बेटाजवळ, विंडेबी येथे, उथळ समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्रातील पवनचक्क्यांचे हे जगातील पहिलेच केंद्र होय. सर्व मिळून त्यांची शक्ती सुमारे ५ मेगावॉट होती. आज १५ मेगावॉटची एकच पवनचक्की त्या अकरांच्या तिप्पट क्षमतेची असते!

विंडेबीच्या पवनचक्क्या पंचवीस वर्षे चालून २०१७ साली उतरविण्यात आल्या. त्याच वर्षी डेन्मार्कच्या सरकारी भांडवलाच्या तेल व वायू कंपनीने आपला तेलाचा व्यवसाय विकला आणि विद्युत् व चुंबकत्व ह्यांचा संबंध १८२० साली दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञ अर्स्टेड ह्यांचे नाव धारण केले. २०२० च्या डिसेंबरात तेथील संसदेतील पक्षांनी तेलशोधाच्या नव्या परवान्यांची फेरी रद्द करून २०५० पर्यंत उत्तर समुद्रातील तेल-उत्पादन थांबविण्याचे ठरविले. एस्ब्येर्ग बंदर पूर्वी तेलाच्या कामावर जगत असे. आज तेथूनच पवनचक्क्यांची प्रचंड पाती समुद्राकडे रवाना होतात. तेलाच्या कामात मुरलेले हात नव्या कामातही उपयोगी पडतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

मात्र वारा व पाणी स्वच्छ आहेत, म्हणून त्यांपासून केलेले प्रत्येक काम निर्दोष असते, असे नव्हे. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली भरती-ओहोटीवर चालणारे २४० मेगावॉटचे वीजकेंद्र उभारले गेले. बांधकामासाठी ते मुख काही वर्षे समुद्रापासून तोडण्यात आले. त्यामुळे तेथील जलचरांची मोठी हानी झाली. पवनचक्कीचे खांब समुद्रतळात ठोकताना होणारा आवाजही पॉर्पस नावाच्या सस्तन जलचरांस सोसवत नाही. म्हणून जर्मनीत खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा निर्माण करून तो आवाज कमी करण्यात येतो.

आपल्या देशातही केरळात विळिंजम येथे लाटांपासून वीज निर्माण करण्याचा प्रयोग १९९१ साली झाला होता. समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली जाहीर झाले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तमिळनाडू ह्यांच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी साहाय्य मंजूर केले. ह्याच पाण्यात हजारो कोळी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. जाळी कोठे टाकावयाची, होड्यांची वाट कोठून राहील आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण देईल, हे खांब रोवण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून ठरले पाहिजे. तेलावर काम करणाऱ्या कामगारांनाही नव्या धंद्याचे शिक्षण वेळेवर मिळाले पाहिजे.

वाचकहो, आपल्या घरातील दिवा कोणत्याही किनाऱ्यावरील विजेने लागो, तो लागताना त्या किनाऱ्यावरील चूल विझणार नाही, एवढी काळजी घेणे हे आपणां सर्वांचेच कर्तव्य होय.