विश्लेषण : काळा पडदा, पांढरी अक्षरे... चाळिशी उलटलेले ‘डॉस’ अजून निवृत्त का होत नाही?

एप्रिल २०२५ मध्ये ‘फ्रीडॉस’ची १.४ ही नवी आवृत्ती आली. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी ‘एडिट’ हा कमांड लाइनवर चालणारा छोटा टेक्स्ट एडिटर जाहीर केला. त्याची प्रेरणा कंपनीच्याच डॉसच्या काळातील एडिटर ही होती. बोलून काम करून घेण्याच्या एआयच्या जमान्यात, एकेक आज्ञा टाइप करून चालणाऱ्या प्रणालीची आठवण कुणाला आणि का येते? आणि हा केवळ आठवणींचा मामला आहे का?

डॉस म्हणजे नेमके काय?

डॉस म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम. यात माउस लागत नाही, आयकॉन नसतात. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकतो. आज्ञा टाइप करून एंटर दाबायचे. टिम पॅटर्सन या प्रोग्रामरने सिएटलमध्ये १९८० साली लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये विकत घेतली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीमुळे ती जगभर पोहोचली. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या पोटातही डॉसच होते. २००१ मधील विंडोज एक्सपीने घरगुती संगणकांतून त्याची सुट्टी केली.

खुणा मात्र राहिल्या. संगणकाचा मुख्य ड्राइव्ह ‘सी’ असतो, कारण ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती. विंडोजमध्ये ‘सीओएन’ नावाचा फोल्डर बनत नाही, यावरून समाजमाध्यमांवर गूढकथा फिरतात. कारण साधे आहे : डॉसने हे नाव ‘कन्सोल’साठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखून ठेवले होते.

ओढ कशाची?

चपला बाहेर काढून शाळेच्या गार संगणक कक्षात शिरलेल्या पिढीला डॉस म्हणजे ‘डीआयआर’ टाइप केल्यावर झरझर सरकणारी यादी आणि तास संपता संपता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला तो टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. ते डॉसचेच सॉफ्टवेअर. ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून ‘डॉसबॉक्स’मधून चालवावे लागते. मराठीचाही इथे धागा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान कार्डाच्या रूपात संगणकात बसवले, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत.

काहींसाठी मात्र ही आठवण नसून रोजची सवय आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसवरील ‘वर्डस्टार ४.०’ मध्ये लिहितात. शब्द परस्पर ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर आपल्याला नको, असे त्यांनी २०१४ मध्ये सांगितले होते.

प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो?

डॉस एका वेळी एकच काम करते आणि त्या कामाला संगणकाचा पूर्ण ताबा देते. मध्येच अपडेट सुरू होत नाही, नोटिफिकेशन येत नाही. अख्खी प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीतून सुरू होऊ शकते. मोबाइलवर काढलेला एक फोटोही बहुधा याहून मोठा असतो. म्हणूनच जुन्या संगणकाचे बायोस अपडेट करायला, लेथ आणि मिलिंगसारखी जुनी सीएनसी यंत्रे चालवायला ते आजही वापरले जाते. ‘फ्रीडॉस’सह विकले जाणारे लॅपटॉप तर भारतातील ग्राहकांनीही पाहिले असतील. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचावेत, यासाठी ती सोय असते.

मग बदलत का नाहीत?

कारण संगणक जुना होतो, पण त्याला जोडलेले यंत्र जुने होत नाही. मॅक्लारेन कंपनीने १९९० च्या दशकात ‘एफ१’ या मोटारी बनवल्या, त्याही फक्त १०६. त्यांच्या देखभालीसाठी त्याच दशकातील कॉम्पॅक लॅपटॉप आणि डॉसवरील सॉफ्टवेअर लागते, हे २०१६ मध्ये जगासमोर आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या भुयारी मार्गातील गाड्यांची १९९८ पासूनची नियंत्रण यंत्रणा रोज सकाळी सव्वापाच इंची फ्लॉपींवरून सुरू होते. ती बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये २१.२ कोटी डॉलरचा करार मंजूर झाला. हा खर्च नव्या फ्लॉपीचा नाही. सिग्नल, रूळ, गाड्या आणि संगणक यांचे जुने नाते तोडून नवे जुळवण्याचा आहे.

भारतीय रेल्वेचा धडा काय?

रेल्वे आरक्षणाचे उदाहरण डॉसचे नाही, पण त्याच पिढीचे आहे. रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० पासून इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस यांवर चालते. ओपनव्हीएमएसचे मूळ १९७७ मधील व्हीएमएस या आज्ञांवर चालणाऱ्या प्रणालीत आहे. प्रणाली जुनी, तरी ती मेलेली नाही : २०२२ मध्ये ती आजच्या नेहमीच्या सर्व्हर चिपवरही आली. संपली ती इटॅनियम चिप. इंटेलने तिचा पुरवठा २०२१ मध्ये बंद केला. रेल्वेने आता आरक्षण यंत्रणेची फेररचना हाती घेतली आहे. म्हणजे अडचण जुन्या सॉफ्टवेअरपेक्षा त्याखालच्या आधाराची होती.

खरा धोका कोणता?

डॉसमध्ये पासवर्ड नाही, वापरकर्त्यांची विभागणी नाही, एका चुकीच्या प्रोग्रामपासून दुसऱ्याचे संरक्षण नाही. लाहोरमध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू १९८६ मध्ये केवळ फ्लॉपींवरून देशोदेशी पसरला होता. त्यामुळे असे संगणक इंटरनेटपासून दूर ठेवणे हीच त्यांची मुख्य तटबंदी. पण त्याहून मोठा धोका माणसांचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीत रेल्वेगाड्यांच्या यंत्रणेसाठी विंडोज ३.११ आणि एमएस-डॉस जाणणाऱ्या तंत्रज्ञाची जाहिरात निघाली, तेव्हा जगभर हसू पिकले. प्रत्यक्षात, ही प्रणाली समजणारे लोक निवृत्त होत असल्याचा तो इशारा होता.

फ्रीडॉसचे महत्त्व इथे कळते. मायक्रोसॉफ्ट डॉसचा विकास थांबवणार हे दिसताच, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या जिम हॉल यांनी जून १९९४ मध्ये हा मुक्त प्रकल्प जाहीर केला. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही एमएस-डॉस ४.०० चा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. ज्याचा कोड उपलब्ध आहे, ते कंपनीने सोडून दिले तरी पुढची पिढी वाचू आणि दुरुस्त करू शकते. ज्याचा कोड कुलपात आहे आणि जाणकार घरी गेले आहेत, ते सॉफ्टवेअर अवघे दहा वर्षांचे असले तरी निराधार ठरते. आज कारखाने, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये नव्या प्रणाली विकत घेत आहेत. त्यांनी वीस वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा प्रश्न कंपनीला खरेदीच्या वेळीच विचारायला हवा.